संमिश्र संख्या: ऑब्जेक्ट की नुसते मूल्य?

११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतल्या हॅनोव्हर गावी, डार्टमथ कॉलेजात, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा भरली होती. तिथे एक टेलिटाइप यंत्र मांडून ठेवले होते. जमलेल्या गणितज्ञांपैकी कुणीही पुढे यावे, दोन संमिश्र संख्या टाइप कराव्यात आणि त्यांचा गुणाकार किंवा भागाकार कागदावर उमटलेला पाहावा. आकडेमोड मात्र त्या खोलीत होत नव्हती. ती होत होती तारेच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कमध्ये, बेल लॅब्जच्या इमारतीत. जॉर्ज स्टिबिट्झ यांनी टेलिफोन एक्स्चेंजमधले सुमारे ४५० रिले जोडून तयार केलेल्या त्या यंत्राचे नाव होते 'कॉम्प्लेक्स नंबर कॅल्क्युलेटर'. बघ्यांमध्ये नॉर्बर्ट वीनर होते आणि पुढे 'एनिअ‍ॅक' उभारणारे जॉन मॉकलीही.

टेलिफोन कंपनीला संमिश्र संख्यांची गरज का पडावी? विद्युतमंडलातून जाणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहाला परिमाण असते आणि कलाही असते, आणि दोन्ही एकाच राशीत बांधायची सोय फक्त संमिश्र संख्या देतात. दूरवरच्या लाइनीतले फिल्टर आखताना असे हजारो गुणाकार-भागाकार करावे लागत, आणि ते टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर बोटे चालवणाऱ्या महिला करत. स्टिबिट्झ यांच्या यंत्राने ते काम घेतले. पण त्या यंत्रापासून आजच्या भाषांपर्यंत एक प्रश्न सुटता सुटलेला नाही. यंत्राला कळतात त्या साध्या संख्या, आणि संमिश्र संख्या म्हणजे अशा दोन. या दोघींना एकच संख्या म्हणून वागवायचे कसे?

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगने याला उत्तर दिले: क्लास लिहा. आत दोन फील्ड, बाहेर बेरीज-गुणाकाराच्या मेथड. हे उत्तर इतके सुटसुटीत आहे की पाठ्यपुस्तकांत पहिल्या-दुसऱ्या प्रकरणातच ते उदाहरण म्हणून येते. माझे मत उलट आहे. संमिश्र संख्या हे या पद्धतीचे सोपे उदाहरण नव्हेच. माहिती झाकणे, वारसा, ऑब्जेक्टची स्वतःची ओळख असे तिचे बहुतेक सिद्धान्त इथे आले की अडखळतात. गेल्या चाळीस वर्षांत भाषांच्या रचनाकारांनी यावर काय काय केले, ते पाहिले की हे पटेल.

आधी थोडे गणिताकडे. बोंबेल्ली या इटालियन अभियंत्याने १५७२ साली ऋण संख्यांच्या वर्गमुळांशी व्यवहार करण्याचे नियम लिहिले, पण ती वर्गमुळे म्हणजे नेमके काय, हे कोडे राहिलेच. त्याला दोन उत्तरे मिळाली. कॅस्पर वेसेल या मोजणी अधिकाऱ्याने १७९९ साली आणि आर्गां यांनी १८०६ साली सांगितले की ती प्रतलावरची दिशा असलेली रेषा आहे: लांबी आणि कोन. विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी १८३७ साली छापलेल्या प्रबंधात चित्र बाजूलाच ठेवले. त्यांच्या मते संमिश्र संख्या म्हणजे वास्तव संख्यांची क्रमित जोडी, आणि जोड्यांची बेरीज अशी, गुणाकार असा, हे नियम. त्यापलीकडे काही गूढ नाही. आजचा प्रोग्रामर ज्याला डेटा टाइप म्हणतो, त्याची इतकी स्वच्छ व्याख्या एकोणिसाव्या शतकात दुसरी सापडणे कठीण.

म्हणजे साठवायचे दोन मार्ग झाले. कार्तीय मार्गात वास्तव भाग आणि काल्पनिक भाग ठेवायचे. ध्रुवीय मार्गात परिमाण आणि कोन. बेरीज पहिल्यात सोपी, गुणाकार दुसऱ्यात. या पेचावरचे सर्वांत सुंदर लिखाण एमआयटीच्या एबलसन आणि ससमन यांच्या १९८५ सालच्या पाठ्यपुस्तकात आहे. त्यात बेन बिटडिडल आणि अलिसा पी. हॅकर ही दोन काल्पनिक पात्रे एकाच प्रणालीसाठी काम करतात. बेन कार्तीय पद्धत वापरतो, अलिसा ध्रुवीय, आणि कुणीच माघार घेत नाही. मग लेखक विचारतात, दोन्ही एकत्र नांदवता येतील का? येतात. प्रत्येक संख्येला तिच्या प्रकाराची चिठ्ठी चिकटवायची आणि वास्तव भाग, काल्पनिक भाग, परिमाण, कोन हे चार प्रश्न दोघांनाही विचारता येतील अशी सोय करायची. बेरीज पहिले दोन प्रश्न विचारेल, गुणाकार शेवटचे दोन. पुढे ते हेच काम संख्येला निरोप पाठवून करून दाखवतात. भाषा स्कीम असली तरी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड विचाराचा गाभा इथे उघडा पडतो: आतले रूप कोणते आहे याची बाहेरच्याला पर्वा नको.

मांडणी म्हणून ही निर्दोष आहे. व्यवहारात मात्र ती टिकली नाही. फोर्ट्रान, सी++, पायथॉन, सी#, रूबी, ज्युलिया, स्विफ्ट या सगळ्या भाषांच्या नेहमीच्या लायब्ररी संमिश्र संख्या कार्तीय रूपातच साठवतात. ध्रुवीय रूपातून संख्या घडवण्याची सोय बहुतेकांकडे असते, पण ती कोन आणि परिमाण घेऊन ताबडतोब त्यांचे कार्तीय रूपांतर करून टाकते. कारण साधे आहे. ध्रुवीय रूपात आयचा, म्हणजे उणे एकच्या वर्गमुळाचा, वर्ग करा: परिमाण १, कोन पाय. आता काल्पनिक भाग विचारला तर उत्तर शून्य यायला हवे, पण पायची किंमत संगणकात नेमकी बसत नाही, म्हणून उत्तर येते सुमारे १.२२ गुणिले दहाचा उणे सोळावा घात. शिवाय शून्याला कोणताही कोन चालतो, आणि एकाच संख्येचे दोन पाय अंतरावरचे अगणित कोन असतात. समान आहेत का, हा प्रश्नच अवघड होऊन बसतो. कार्तीय रूपात गुणाकाराला चार गुणाकार आणि दोन बेरजा पडतात, तरी ते परवडते. अलिसाचा पराभव असा मुकाट्याने झाला.

यातून एक अडचणीचा प्रश्न निघतो. फक्त कार्तीय रूपच उरणार असेल, तर प्रायव्हेट फील्ड नेमके काय झाकतात? माहिती झाकायची ती कुणी आतला नियम मोडू नये म्हणून. बँक खात्यातली शिल्लक, तारखेतला महिना, यांना असे नियम असतात. तेरावा महिना कुणी घालू नये. वास्तव आणि काल्पनिक भागांना असा कोणताच नियम नाही. कोणत्याही दोन संख्या घ्या, वैध संमिश्र संख्या तयार. ध्रुवीय रूपात निदान परिमाण ऋण नको, कोन ठरलेल्या पट्ट्यातच हवा, एवढे तरी राखण्यासारखे होते. सी++ समाजाची आजची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात की राखण्यासारखा नियम असेल तर क्लास, घटक एकमेकांपासून मोकळे असतील तर साधा स्ट्रक्ट. त्या कसोटीवर संमिश्र संख्या दुसऱ्या गटात जाते.

इथे सी++ची कथा थोडी सविस्तर सांगायला हवी. तिचीही सुरुवात बेल लॅब्जमध्येच, स्टिबिट्झ यांच्या यंत्रानंतर सुमारे चाळीस वर्षांनी. फोर्ट्रानमध्ये 'कॉम्प्लेक्स' हा प्रकार साठच्या दशकापासून भाषेतच होता, १९६६च्या मानकातही होता. सी भाषेत तो नव्हता. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप यांच्यापुढे प्रश्न होता तो असा: असे प्रकार भाषेत एकेक करून घालत बसायचे, की वापरणाऱ्यालाच ते घडवता येतील अशी सोय द्यायची? त्यांनी दुसरी वाट धरली. ऑपरेटर ओव्हरलोडिंग आले आणि लिओनी रोझ व स्ट्राउस्ट्रप यांनी लिहिलेली संमिश्र गणिताची लायब्ररी १९८५च्या पहिल्या व्यावसायिक आवृत्तीबरोबर बाहेर पडली. (गंमत म्हणजे या विषयात स्कँडिनेव्हिया वारंवार डोकावतो. वेसेल जन्माने नॉर्वेचे, क्लास ही कल्पना पक्की करणारी सिम्युला ६७ ऑस्लोची, आणि स्ट्राउस्ट्रप डेन्मार्कच्या ऑर्हूसचे.) १९९८च्या मानकात हा क्लास टेम्प्लेट झाला. आणि २०११च्या मानकाने त्याच्या पडद्याला कायद्यानेच भोक पाडले: या क्लासची मेमरीतली मांडणी म्हणजे आधी वास्तव भाग, मग काल्पनिक भाग, अशी दोन घरांची ओळच असेल, आणि ती तशी वाचायची मुभा असेल. हे करावे लागले, कारण फोर्ट्रानमधल्या जुन्या लायब्ररी आणि एफएफटीडब्ल्यूसारखी फूरिये रूपांतराची साधने संख्या याच मांडणीत मागतात. झाकणे हे तत्त्व इथे मानकानेच मागे घेतले, आणि योग्यच केले.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हा क्लास ओळखीचा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलमध्ये तो असतो: शून्य अधिक शून्य आय तयार करणारा डीफॉल्ट कन्स्ट्रक्टर, बेरीज आणि गुणाकाराचे ओव्हरलोडेड ऑपरेटर, वाचायचे आणि छापायचे ऑपरेटर. जर्नलमध्ये तो लिहिला जातो, व्हायव्हाला त्यावर प्रश्न येतात, सबमिशन होते. ऑपरेटर ओव्हरलोडिंग समजायला हा नमुना उत्तमच आहे. पण तो संमिश्र संख्या शिकवतो असे म्हणता येणार नाही, कारण खरे अडथळे त्याच्या पुढच्या पायरीवर सुरू होतात.

पहिला अडथळा वारशाचा. प्रत्येक वास्तव संख्या ही संमिश्र संख्या असते, हे गणित. मग 'रिअल' हा क्लास 'कॉम्प्लेक्स'पासून काढावा? काढला तर प्रत्येक साध्या दशांश संख्येला एक कायम शून्य असलेला काल्पनिक भाग वागवावा लागेल, आणि मूळ क्लासमध्ये काल्पनिक भाग बदलायची मेथड असेल तर वास्तव संख्येवर ती चालवल्यावर काय व्हावे, याला उत्तर नाही. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७च्या भाषणात मांडलेली कसोटी, म्हणजे मुलाला बापाच्या जागी ठेवले तर कुणाला फरक कळू नये, इथे नापास होते. बरे, उलट करावे? 'कॉम्प्लेक्स' हा 'रिअल'चा वारस करावा, एक फील्ड जास्त घालून? मग लहान-मोठे ठरवण्याची मेथडही वारशाने येते, आणि संमिश्र संख्यांना लहान-मोठे नसतेच. आय शून्याहून मोठा धरा, तर त्याचा वर्ग म्हणजे उणे एकही शून्याहून मोठा ठरतो; लहान धरा, तर उणे आय मोठा, आणि त्याचाही वर्ग उणे एकच. दोन्हीकडून विसंगती.

रूबीने काय केले ते पाहण्यासारखे आहे. तिथे 'कॉम्प्लेक्स' हा 'न्यूमेरिक'चा वारस आहे, आणि 'न्यूमेरिक'कडे तुलना, पूर्णांकात बदलणे, बाकी काढणे अशा बऱ्याच मेथड आहेत. त्यातल्या संमिश्र संख्येला न शोभणाऱ्या मेथड रूबी एकेक करून रद्द करते. वारसा घ्यायचा आणि मग त्यातल्या नको त्या वस्तू परत करायच्या, हे चालते खरे, पण वंशवृक्ष चुकला आहे याचीच ती कबुली. पायथॉनचा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. २००७च्या प्रस्तावाने तिथे संख्यांची अमूर्त उतरंड आली: वर 'नंबर', खाली 'कॉम्प्लेक्स', त्याखाली 'रिअल', मग 'रॅशनल', मग 'इंटिग्रल'. साठवण कुणी कुणाची घेत नाही. फक्त कोणत्या प्रश्नांना उत्तर द्यायचे एवढा करार वरून खाली येतो. म्हणून साध्या दशांश संख्येलाही तिचा काल्पनिक भाग विचारता येतो आणि ती शून्य सांगते. दोन संमिश्र संख्यांत कोण लहान, असे विचारले तर पायथॉन सरळ चूक दाखवतो. सी#च्या नव्या जेनेरिक गणितातही 'कॉम्प्लेक्स' एक पायरी वरच थांबतो, तुलना मागणाऱ्या इंटरफेसपर्यंत जात नाही. मॅटलॅब मात्र तुलनेच्या चिन्हाने फक्त वास्तव भाग तपासतो आणि क्रम लावताना परिमाण पाहतो. एकाच प्रणालीत असे दोन न्याय असणे मला धोक्याचे वाटते.

दुसरा अडथळा दोन प्रकारांच्या भेटीचा. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत बेरीज हा डावीकडच्या संख्येला पाठवलेला निरोप असतो. झेड ही संमिश्र संख्या असेल, तर झेड अधिक दोन, हे ठीक. झेडला दोनची माहिती असते. दोन अधिक झेड याचे काय? दोन ही भाषेतली मूळ संख्या, तिला तुमच्या क्लासचे नावही ठाऊक नाही. स्मॉलटॉकच्या जगातल्या डॅन इंगल्स यांनी १९८६ साली याची एक नेटकी युक्ती मांडली: डावीकडच्याने स्वतः उत्तर न देता उजवीकडच्याला उलट निरोप पाठवायचा, 'मी अमुक प्रकारची संख्या, आता तू बघ'. पायथॉनमधली उलट्या बेरजेची खास मेथड याच कल्पनेची धाकटी बहीण. सी++मध्ये ऑपरेटर क्लासच्या बाहेर लिहून हा प्रश्न सोडवतात, म्हणजे पुन्हा ऑब्जेक्टला बाजूला ठेवूनच. तरीही एक काटा राहतो: डबल प्रकारच्या झेडला पूर्णांक २ने गुणायला गेलात तर कंपायलर नकार देतो, २.० लिहिले की गुणतो. टेम्प्लेटचे प्रकार जुळवण्याचा हा नियम पहिल्यांदा भेटतो तेव्हा चांगलाच वैताग देतो.

ज्युलियाने मूळ गृहीतकच सोडले. २०१२ साली बाहेर आलेल्या या भाषेत मेथड कुणाच्या मालकीची नसते; डावे-उजवे दोन्ही प्रकार पाहून कोणती चालवायची ते ठरते. संख्यांच्या बेरजेत डावा मालक आणि उजवा पाहुणा असे काही नसते, त्यामुळे ही रचना गणिताला जास्त जवळची आहे.

तिसरा अडथळा बदलाचा. ऑब्जेक्ट बदलतो, त्याची ओळख कायम राहून आतली अवस्था पालटते. खात्याच्या बाबतीत हे बरोबर. पण तीन अधिक चार आय ही संख्या उद्या तीन अधिक पाच आय होणार नाही, ती वेगळीच संख्या असेल. जोशुआ ब्लॉक यांनी २००१च्या आपल्या जावा पुस्तकात न बदलणारे क्लास कसे लिहावेत हे सांगताना नमुना म्हणून हाच क्लास घेतला: फील्ड फायनल, आणि प्रत्येक क्रिया नवा ऑब्जेक्ट परत देणारी. त्यांनी प्रामाणिकपणे हेही नोंदवले की त्यातले गुणाकार-भागाकाराचे सूत्र शाळकरी आहे, खऱ्या कामाला पुरणारे नाही.

ती नोंद सहसा कुणी वाचत नाही. या विषयातला सर्वांत समृद्ध आणि सर्वांत दुर्लक्षित भाग तिच्यामागेच आहे.

परिमाण काढायचे म्हणजे दोन वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ. काल्पनिक भाग शून्य आणि वास्तव भाग दहाचा २००वा घात असेल तर उत्तर उघड आहे. पण त्याचा वर्ग दहाचा ४००वा घात, आणि डबल प्रकाराची धाव सुमारे १.८ गुणिले दहाच्या ३०८व्या घातापर्यंतच. शाळकरी सूत्र अनंत सांगते. म्हणून चांगल्या लायब्ररी 'हायपॉट' नावाचे फंक्शन वापरतात, जे आधी मोठा भाग बाहेर काढून मग वर्ग करते. भागाकारात हेच संकट दुप्पट. वास्तव आणि काल्पनिक दोन्ही भाग दहाचा २००वा घात असलेल्या संख्येला तिनेच भागा. उत्तर एक यायला हवे, पण अंशही अनंत, छेदही अनंत, आणि हाती येते 'संख्या नव्हे'. रॉबर्ट स्मिथ यांनी १९६२ साली यावर छोटीशी पद्धत दिली: छेदाच्या दोन भागांपैकी जो मोठा, त्याच्याशी दुसऱ्याचे गुणोत्तर आधी काढायचे. ती परिपूर्ण नाही, आणि तिच्यात सुधारणा २०१२ सालापर्यंत प्रसिद्ध होत राहिल्या, पण आजही अनेक भागाकारांच्या पोटात तीच आहे. जर्नलमधल्या क्लासमध्ये भागाकार क्वचितच विचारतात. विचारला तर हा एक आकडा घालून पाहावा.

त्याहून सूक्ष्म प्रकरण शून्याच्या चिन्हाचे. १९८५च्या आयईईई मानकात शून्ये दोन आहेत, धन आणि ऋण, आणि साध्या कामात त्यांचा फरक जाणवत नाही. संमिश्र वर्गमुळात जाणवतो. उणे चार अधिक शून्य आय याचे वर्गमूळ अधिक दोन आय; उणे चार उणे शून्य आय याचे उणे दोन आय. कारण ऋण वास्तव अक्षावर फंक्शनची चीर आहे, आणि शून्याचे चिन्ह सांगते की तुम्ही चिरेच्या वरच्या काठावर आहात की खालच्या. आता उणे पाच उणे शून्य आय यात साधे एक मिळवा. क्लासने जर आधी त्या एकाचे 'एक अधिक शून्य आय' केले, तर काल्पनिक भागांची बेरीज उणे शून्य अधिक धन शून्य, म्हणजे धन शून्य होते. तुम्ही नकळत चीर ओलांडलीत, आणि वर्गमूळ उलटे आले. विल्यम कहान यांनी १९८७च्या प्रसिद्ध लेखात हेच सांगितले. पुढे १९९८ साली जो डार्सी यांच्यासह जावावर टीका करताना त्यांनी द्रवप्रवाहाच्या रेषा अशा गफलतीने भलतीकडे कशा जातात, ते चित्र काढून दाखवले. त्यांचा आग्रह होता की निव्वळ काल्पनिक संख्यांचा प्रकार वेगळा हवा, म्हणजे नसलेल्या भागाची खोटी शून्ये आत येणार नाहीत. सीच्या १९९९च्या मानकाने तो प्रकार ऐच्छिक म्हणून ठेवला, आणि मोठ्या कंपायलरांनी तो दिलाच नाही. सी++मध्ये वास्तव संख्या मिळवताना फक्त वास्तव भागाला हात लावतात, त्यामुळे हे उदाहरण तिथे सुटते. पायथॉनने ही शिस्त ३.१४ आवृत्तीत, म्हणजे २०२५ साली स्वीकारली. ज्युलियाची युक्ती सर्वांत हुशार: तिथे आय हा बूलियन भागांचा, असत्य आणि सत्य यांचा, बनला आहे, आणि त्या भाषेत 'असत्य' हे कशालाही, अगदी अनंतालाही गुणून शून्यच देते. कहान यांना हवा होता तो काल्पनिक प्रकार ज्युलियाने असा मागल्या दाराने आणला.

अनंताचेही असेच. आयला अनंताने गुणताना शून्य गुणिले अनंत हे पद उगवते आणि वास्तव भाग नासतो. सीच्या मानकाची परिशिष्टातली शिफारस अशी की एक भाग जरी अनंत असला तरी संख्या अनंत समजावी, आणि गुणाकाराचे दोन्ही भाग नासले तर परत तपासून दुरुस्ती करावी. जीसीसी हे पाळते, पण प्रत्येक गुणाकारामागे तपासणीचा भार पडतो, म्हणून वेगाची निकड असलेले लोक खास फ्लॅग देऊन ती बंद करतात. स्विफ्टच्या न्यूमरिक्स लायब्ररीने गाठ कापूनच टाकली: जे काही सांत नाही ते सगळे मिळून अनंताचा एकच बिंदू, सगळे एकमेकांशी समान. गोलावर प्रतल गुंडाळणाऱ्या रीमान यांना हे आवडले असते, आणि गुणाकारही वेगवान झाला.

उरला मेमरीचा प्रश्न, आणि जावाचा. जेम्स गॉस्लिंग यांनी सी++मध्ये ऑपरेटर ओव्हरलोडिंगचा गैरवापर पाहिला होता, म्हणून जावात ते ठेवले नाही. त्यामुळे जावात संमिश्र सूत्र लिहिले की प्लस आणि टाइम्स यांच्या कंसांची साखळी होते. ते एकवेळ सोसता येते. खरी किंमत दुसरीकडे आहे. जावात क्लासचा प्रत्येक ऑब्जेक्ट मेमरीत स्वतंत्र उभा राहतो, त्याला स्वतःचे हेडर असते, आणि ॲरेमध्ये राहतो तो फक्त त्याचा पत्ता. हॉटस्पॉट या जावाच्या ६४ बिटांच्या आभासी यंत्रावर नेहमीच्या मांडणीत दोन डबलचे १६ बाइट, पण ऑब्जेक्ट होतो ३२चा, वर पत्त्याचे ४. म्हणजे १० लाख संख्यांना १ कोटी ६० लाख बाइट पुरले असते तिथे ३ कोटी ६० लाख लागतात, आणि त्या मेमरीत सलग असतील याचीही हमी नाही. सव्वा रुपयाची दक्षिणा दीड रुपयाच्या पाकिटात घालून देण्यासारखा हा व्यवहार. फूरिये रूपांतरासारख्या कामात बराच वेळ मेमरी वाचण्यातच जातो, त्यामुळे जावात गंभीर संख्यात्मक काम करणारे लोक क्लास सोडून दोन साधे डबलचे ॲरे वापरू लागले: एकात वास्तव, दुसऱ्यात काल्पनिक. सी#मध्ये ही पाळी आली नाही. तिथे २०१०पासून 'कॉम्प्लेक्स' हा स्ट्रक्ट आहे, न बदलणारा, ॲरेमध्ये जागच्या जागी बसणारा.

जावाच्या व्याख्येचे सहलेखक गाय स्टील यांनी १९९८च्या ऊप्स्ला परिषदेतल्या भाषणातच सुचवले होते की वापरणाऱ्याला आपल्या संख्या घडवता याव्यात आणि त्या भाषेतल्या मूळ संख्यांसारख्याच दिसाव्यात-वागाव्यात. त्याच वर्षी जावा ग्रांदे या गटानेही संमिश्र संख्यांसाठी हलक्या क्लासची मागणी केली. २०१४ साली 'वलहल्ला' प्रकल्प जाहीर झाला. क्लाससारखे लिहा, पण इंटसारखे चालेल, हे त्याचे ब्रीद. त्यातल्या व्हॅल्यू क्लासला स्वतःची ओळख नसते: दोन ऑब्जेक्टचे भाग सारखे, तर ते सारखेच, आणि त्यामुळे यंत्राला हेडर काढून टाकून ते सलग मांडण्याची मोकळीक मिळते. संमिश्र संख्येला ऑब्जेक्टपण सोडल्यावरच न्याय मिळतो, हे या प्रकल्पाने भाषेच्या पातळीवर मान्य केले आहे.

व्हॅल्यू क्लास हाती येईपर्यंत जावात लिहिणाऱ्याने अपाचेची न्यूमरिक्स लायब्ररी, 'कॉमन्स नंबर्स', वापरावी आणि लाखोंच्या ॲरेसाठी दोन डबल ॲरे ठेवावेत. सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या जावा २५च्या मानक लायब्ररीत संमिश्र संख्येचा क्लास नाही, आणि वलहल्लाचे व्हॅल्यू क्लासही नाहीत.